विमान सुटण्याआधी आपण कुठे उभे आहोत, हे कसं तपासायचं

इनर्शियल यंत्रणेला, म्हणजे विमानाची हालचाल आतूनच मोजून जागा आणि दिशा सांगणाऱ्या यंत्रणेला, अक्षांश चुकीचा दिलात तर ती तो स्वतःच्या मोजमापाशी ताडून बघते आणि तक्रार करते. रेखांश चुकीचा दिलात तर तिच्यापाशी ताडून बघायला स्वतःचं असं काही नसतं. पुण्यात मी कमर्शियल पायलटच्या परीक्षेसाठी नॅव्हिगेशन शिकवते. वर्गातली मुलं मोठ्या विमानाच्या टाइप रेटिंगला (त्या प्रकारचं विमान उडवायच्या खास परवान्याला) निघाली की हे वाक्य मी त्यांच्या वहीत लिहून घेते आणि मग त्याचं कारण फळ्यावर काढून दाखवते. ते इथेही आधी सांगते, कारण कारण समजलं नाही तर पुढची सगळी तपासणी नुसती पाठांतराची होते.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विमान गेटवर स्थिर उभं असताना त्यातले जायरो (फिरण्याची गती ओळखणारी उपकरणं) हे फिरणं मोजतात. फिरण्याचा अक्ष कुठल्या दिशेला आहे यावरून यंत्रणेला खरी उत्तर दिशा मिळते. तो अक्ष आडव्या पातळीशी किती कललेला आहे यावरून अक्षांश मिळतो. म्हणून तिला अलाइन व्हायला, म्हणजे स्वतःची दिशा पक्की करायला, काही मिनिटं लागतात, आणि म्हणूनच त्या वेळात विमान हलवायचं नसतं. रेखांशाचं मात्र तसं नाही. एकाच अक्षांशावर तुम्ही सिडनीत उभे असा की आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, पृथ्वीचं फिरणं अगदी सारखंच जाणवतं. तिथे यंत्रणेला वैमानिकाच्या बोटांवर विश्वास ठेवावा लागतो.

हा विश्वास कसा चुकतो, त्याचं मी नेहमी घेते ते उदाहरण १० मार्च २०१५ चं आहे. एअर एशिया एक्सचं एअरबस ए-३३० सिडनीहून क्वालालंपूरला निघालं होतं. बाहेरून विमानाची पाहणी करायची ती कॅप्टनने आणि कॉकपिट तयार करायचं ते फर्स्ट ऑफिसरने, अशी त्यांची नेहमीची वाटणी. त्या दिवशी कॅप्टनचं कानांना लावायचं संरक्षण मिळालं नाही, म्हणून दोघांनी कामं बदलली. फर्स्ट ऑफिसर खाली गेला आणि कॅप्टनने जागेचे आकडे भरले. गेटवर विमानासमोर पाटी असते, तिच्यावर त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. ती खिडकीतून वाचून त्याने आकडे हाताने टाइप केले. विमान बनवणारी कंपनी या पद्धतीची शिफारस करत नाही.

पाटीवर रेखांश होता १५१०९.८ पूर्व, म्हणजे १५१ अंश ९.८ मिनिटं. यंत्रणेत गेला ०१५१९.८ पूर्व, म्हणजे १५ अंश १९.८ मिनिटं. हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहा आणि नीट बघा. सगळे अंक तेच आहेत, एकही जास्त नाही की कमी नाही. मधलं शून्य तेवढं उठून सगळ्यात पुढे जाऊन बसलंय. एवढ्याने विमान केप टाउनच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात नेऊन ठेवलं गेलं. चूक ११,००० किलोमीटरहून जास्त. आणि अक्षांश बरोबर असल्यामुळे यंत्रणेच्या स्वतःच्या मोजमापात कुठेही खटकण्यासारखं काही नव्हतं.

आपल्या मुलांना यात एक वेगळा धोका आहे, तो मी आवर्जून सांगते. भारताची मुख्य भूमी साधारण ६८ ते ९७ अंश पूर्व या पट्ट्यात येते. मुंबई ०७२, पुणे ०७३, नागपूर ०७९. इथे शिकणारा प्रत्येकजण रेखांश टाइप करताना पहिलं बोट शून्यावर ठेवायला शिकतो, आणि ते बरोबरही असतं. पुढे नोकरी लागून तो सिंगापूर, टोकियो, सिडनीला जायला लागला की तिथे पहिला अंक एक असतो. बोटांना लागलेली सवय डोळ्यांच्या आधी धावते.

आता करायचं काय ते.

पहिलं म्हणजे आकडा अंकाअंकाने वाचू नका, संख्या म्हणून वाचा. एक-पाच-एक-शून्य-नऊ असं म्हणत टाइप केलं की कान काहीच पकडत नाही, सगळी एक माळ होते. टाइप करून झाल्यावर पडद्यावरचं वाचा आणि मनातल्या मनात मराठीत पूर्ण वाक्य म्हणा: "एकशे एकावन्न अंश, नऊ पूर्णांक आठ मिनिटं, पूर्व." तिथे ०१५१९.८ असेल तर तोंडातून "पंधरा अंश" निघेल, आणि सिडनीत बसून पंधरा अंश म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे खटकेल. कॉकपिटमध्ये मोठ्याने बोलायची भाषा इंग्रजी आहे, ते इंग्रजीत बोला. आतली तपासणी आपल्या भाषेत झाली की चूक लवकर सापडते, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा बघते.

वर्गात माझ्या टेबलावर शाळकरी मुलांचा पृथ्वीगोल असतो. आकडा भरला की विद्यार्थ्याने उठून गोलावर त्या जागी बोट ठेवायचं. सुरुवातीला सगळ्यांना हे लहान मुलांचं काम वाटतं. मग एखादा दिवस असा येतो की बोट पाण्यात पडतं, आणि त्यानंतर कुणाला सांगावं लागत नाही. विमानात गोल नसतो, पण डोक्यात असलाच पाहिजे. ज्या शहरातून निघायचंय त्याचा रेखांश पूर्ण अंशात तरी आदल्या रात्रीच पाठ करून जा. अंश चुकला नाही तर मिनिटांची चूक फार झाली तर शंभरएक किलोमीटरची. तीही वाईटच, पण ती पुढच्या तपासणीत हाती लागते.

दुसरं, जोडीदाराने तपासायचं ते वेगळ्या ठिकाणाहून. इथे बहुतेकजण घसरतात. एकाने आकडा भरला, दुसऱ्याने पडद्याकडे बघून "हो, बरोबर" म्हटलं, तर त्यात तपासणी झालीच नाही. भरणाऱ्याने पाटीवरून घेतला असेल तर बघणाऱ्याने विमानतळाच्या चार्टवरून घ्यावा. शिवाय जीपीएसचं स्वतंत्र पान उघडून तिथली जागा वाचावी. जीपीएसला तुमच्या टायपिंगशी काही देणंघेणं नसतं, म्हणून त्याचा शब्द इथे मोलाचा. या ठिकाणी मुलं हमखास विचारतात, "मॅडम, पण इनर्शियल तर तीन असतात ना?" असतात. पण तिन्हींना जागा एकाच वेळी, एकाच पानावरून दिलेली असते. तिन्ही एकमेकांशी जुळतील आणि तिन्ही केप टाउनजवळच असतील.

दुसरा नेहमीचा प्रश्न: इतक्या यंत्रणा असताना विमानाला हे आपोआप कळू नये का? नव्या फ्लाइट मॅनेजमेंट यंत्रणेत (जागेचे आणि मार्गाचे आकडे जिथे भरतात ती) ही चूक अडवण्याची सोय आलेली आहे. सिडनीच्या त्या विमानात ती बसवलेली नव्हती, असं ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाच्या २०१६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय. तुमच्या विमानात काय बसवलंय ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. एकाच कंपनीच्या ताफ्यात एकाच प्रकारची दोन विमानं असली तरी आतली यंत्रणा सारखीच असेल असं धरून चालू नका.

तिसरं, कामं बदलली तर सांगून बदला. सिडनीत दोघांनी कामं बदलली यात गैर काहीच नव्हतं, अशी वेळ कुणावरही येते. पण नेहमी जो भरतो तो बाहेर असतो आणि नेहमी जो तपासतो तोच भरत असतो, तेव्हा तपासणारा माणूस उरत नाही. म्हणून खालून परत आलेल्याने खुर्चीत बसल्याबसल्या म्हणावं, "जागेचे आकडे मी पुन्हा बघतो." यात वरिष्ठाचा अपमान नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाचं काम तपासायला संकोच वाटतो, कॅप्टन केसांनी पांढरा असेल तर आणखीच. तो संकोच घरी ठेवून या. चांगला कॅप्टन स्वतःहून म्हणतो, "बघ रे एकदा."

आकडे भरताना कुणी मध्येच बोललं, इंधनवाला आला, केबिनमधून निरोप आला, तर परत आल्यावर जिथे सोडलं तिथून पुढे जाऊ नका. ती ओळ पुसून पहिल्यापासून भरा. जास्त वेळ लागत नाही.

गेटवरून निघाल्यावर दुसरी तपासणी सुरू होते. यंत्रणेला जागा कळली, आता तुम्ही स्वतः योग्य रनवेवर जाताय ना? याचं उदाहरण अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचं आहे. २७ ऑगस्ट २००६, पहाटे, अजून उजाडलं नव्हतं. कोमएअरच्या फ्लाइट ५१९१ ला रनवे २२ वरून सुटायची परवानगी होती, लांबी सुमारे ७,००० फूट. विमान उभं राहिलं रनवे २६ वर, लांबी ३,५०० फूट, आणि त्यावर दिवे लावलेले नव्हते. फर्स्ट ऑफिसरने दिवे नाहीत हे विचित्र आहे असं बोलूनही दाखवलं, कॅप्टनने हो म्हटलं, आणि विमान धावत राहिलं. ५० जणांपैकी ४९ जण गेले, फर्स्ट ऑफिसर एकटा वाचला.

त्या कॉकपिटमध्ये माहिती नव्हती असं नाही. डोळ्यांना दिसलं होतं, तोंडाने बोलूनही झालं होतं. काहीतरी विचित्र वाटलं की थांबायचं, एवढंच राहिलं. म्हणून मी नियम असा घालून दिलाय की दोघांपैकी कुणाच्याही तोंडून "हे वेगळंच दिसतंय" असं निघालं, तर ब्रेक लावून उभं राहायचं आणि टॉवरला विचारायचं. मागे रांग लागली तरी चालेल.

लाइन-अप झाल्यावर, म्हणजे सुटण्यासाठी रनवेवर सरळ उभं राहिल्यावर, तीन गोष्टी एकमेकींशी जुळवायच्या: जमिनीवर रंगवलेला रनवेचा आकडा, समोरच्या पडद्यावरचं हेडिंग (विमानाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते अंशांत), आणि विंडशील्डच्या वर मधोमध असलेला साधा चुंबकीय होकायंत्र. मुंबईच्या २७ वर असाल तर तिन्हींनी २७० च्या आसपास बोललं पाहिजे. लेक्सिंग्टनच्या २२ आणि २६ मध्ये जवळजवळ ४० अंशांचा फरक होता. तो आकडा वाचला असता तर धावायच्या आधीच सापडला असता.

या तिघांत साधा होकायंत्र का घ्यायचा, हे नीट समजून घ्या. पडद्यावरचं चुंबकीय हेडिंग चुंबकातून येत नाही. इनर्शियल यंत्रणा खरी उत्तर शोधते आणि मग साठवलेल्या तक्त्यातून "या जागी चुंबकीय फरक किती" (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला) ते काढून त्यात मिळवते. जागा चुकली की तक्त्यातली ओळही चुकते. सिडनीला हा फरक साधारण १२ अंश पूर्व आहे, केप टाउनच्या बाजूला २० अंशांहून जास्त पश्चिम. म्हणजे रेखांशातलं एक शून्य सरकलं तर पडद्यावरचं हेडिंग तीसहून जास्त अंशांनी खोटं बोलणार. सिडनीच्या १६ नंबरच्या रनवेवर उभं राहून पडद्यावर १९० च्या आसपास दिसलं, तर कुठेतरी मोठी गडबड आहे हे सुटायच्या आधीच कळतं. वरचा होकायंत्र मात्र खऱ्या चुंबकावर चालतो, त्याला रेखांश कुणी विचारत नाही.

सेसनासारख्या लहान विमानावर शिकणाऱ्यांनी हे आतापासूनच हाताला लावून घ्यावं. तुमच्या विमानातला दिशादर्शक जायरो हळूहळू सरकत राहतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवता. रनवेवर उभं राहिल्यावर होकायंत्र, जायरो आणि रनवेचा आकडा असं तीन ठिकाणी बघायची सवय बारामतीत शिकतानाच लागली, तर ए-३३० मध्ये वेगळं शिकावं लागणार नाही.

पण नुसत्या दिशेवर विसंबू नका. मुंबईकरांना याचा दाखला घराजवळ आहे. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या विमानतळावर उतरलं. ते उतरताना घडलं, सुटताना नाही, पण मुद्दा तोच: दोन्हीकडच्या रनवेंची दिशा जवळजवळ एकच होती. सुटतानाचं उदाहरण तैपेईचं. ३१ ऑक्टोबर २००० ला वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं ७४७ रनवे ०५ डावा समजून ०५ उजव्यावर उभं राहिलं. तिथे बांधकाम सुरू होतं. १७९ पैकी ८३ जण गेले. हेडिंग दोन्ही रनवेंवर सारखंच, त्यामुळे होकायंत्राने काहीच सांगितलं नसतं. तिथे उपयोगी पडतो लोकलायझर, म्हणजे रनवेची मध्यरेषा दाखवणारा रेडिओ संकेत. ज्या रनवेवर आयएलएस (यंत्रांच्या आधाराने उतरायची रेडिओ यंत्रणा) आहे त्याची फ्रिक्वेन्सी लावून ठेवा. तुम्ही मध्यरेषेवर असाल तर दांडी मधोमध राहते, शेजारच्या रनवेवर असाल तर बाजूला पडते. शिवाय नॅव्हिगेशन डिस्प्लेची रेंज कमी करा: रनवेची आकृती विमानाच्या चिन्हाखाली दिसली पाहिजे. दिसत नसेल तर विमान तिथे नाही, किंवा यंत्रणेच्या मते विमान तिथे नाही. दोन्ही बाबतीत सुटायचं नाही.

आता, सगळं करूनही हवेत कळलं तर?

सिडनीत विमान रनवे १६ उजव्यावरून सुटलं आणि सरळ जाण्याऐवजी डावीकडे, १६ डाव्यावरून सुटणाऱ्या विमानांच्या वाटेत वळलं. मग कॉकपिटमध्ये दुरुस्तीचे प्रयत्न सुरू झाले आणि त्यातून यंत्रणा आणखी निकामी होत गेल्या. नॅव्हिगेशनबरोबर ऑटोपायलटची आणि उड्डाण-नियंत्रणाची बरीच मदत गेली. सिडनीवर तोवर ढग उतरले होते. परत यायचं तर यंत्रांच्या आधाराने उतरावं लागलं असतं आणि यंत्रं तर उरली नव्हती. शेवटी रडारवरच्या माणसाने दिशा देत देत त्यांना मेलबर्नला नेलं, तिथे डोळ्यांनी बघून उतरण्यासारखं हवामान होतं. सगळे सुखरूप उतरले. ज्यांनी जमिनीवरून त्यांना वाट दाखवली त्यांचं मला फार कौतुक आहे.

यावरून हवेतला क्रम असा: आधी ऑटोपायलट सोडा आणि विमान हाताने सरळ धरा, साध्या होकायंत्रावर. सुटताना ठरलेल्या उंचीपर्यंत चढत राहा. लगेच एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) साध्या शब्दांत सांगा की नॅव्हिगेशनवर भरवसा नाही, रडारने दिशा द्या. लाजू नका, फिरवून बोलू नका. पडद्यावरचा नकाशा त्या क्षणापासून खोटा समजा, सुंदर दिसला तरी. आणि इनर्शियलची बटणं चाचपडत बंद करू नका. बंद केलेली यंत्रणा हवेत पुन्हा अलाइन होत नाही, तिला स्थिर जमीन लागते, हे वर पृथ्वीच्या फिरण्याचं सांगितलं त्यातच आलं. जे काही बंद करायचं ते चेकलिस्टमध्ये लिहिलंय म्हणून, दोघांनी वाचून, एक एक करून.

नंतर उतरायचा विमानतळ निवडताना जवळचा कुठला हे नंतर बघा, आधी बघा कुठे आकाश मोकळं आहे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या विमानात इंधन भरपूर असतं, घाई नसते. वजन जास्त असतं, ते उतरण्याच्या हिशेबात धरा.

उतरल्यावर टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) घडलं तसं लिहा: कोणता आकडा भरला, कोणता भरायला हवा होता, कधी लक्षात आलं. "नॅव्हिगेशन बिघडलं" एवढंच लिहिलंत तर इंजिनिअर चांगली यंत्रं काढून तपासत बसेल आणि खरं कारण कागदावर येणारच नाही. कंपनीच्या सुरक्षा विभागाला त्याच दिवशी अहवाल द्या, आणि दोघांनी वेगवेगळा लिहा, एकमेकांचा वाचून नाही.